पलीकडच्या वॉर्डातून आलेले निरोप

चहा उतू जायच्या बेतात होता आणि लेक एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडत होती. कॉलेजची बस चुकली की आईच्या नावानं खडे फोडायचे, हा तिचा रोजचा नेम. कडकबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. टेबलावर दुमडलेलं ब्लँकेट अंथरून ती दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटांवर पाणी शिंपडत होती. मोजा कुठाय म्हणून लेकीनं पुन्हा विचारलं तेव्हा, मी घालून बसलेय, हवं तर बघ, एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं.

दोघी जागच्या जागी थांबल्या. त्या दारावर कुणी टकटक करत नसे. इस्त्रीचे कपडे घेऊन येणारं माणूस दार लोटून सरळ आत येई, गाठोडं कोपऱ्यात टाकी आणि संध्याकाळपर्यंत हवेत हं, असं ओरडत निघून जाई. दार वाजवून बाहेर उभं राहणारं माणूस फक्त एकाच कामासाठी येतं, हे त्या घराला पाठ झालं होतं. लेकीनं गॅस बंद केला आणि मोजा राहू दिला.

त्या वस्तीत कुणी गेलं की त्याचे शेवटचे कपडे कडकबाईकडे येत. तसा नियम कुणी केला नव्हता. पण एकानं आणले, दुसऱ्यानं आणले, आणि मग तिच्या हाताची इस्त्री नसेल तर माणूस नीट गेलाच नाही, असं लोकांना वाटायला लागलं. कडकबाई हे नावही वस्तीनंच दिलेलं. इस्त्री कडक, बोलणं त्याहून कडक. तिच्यासमोर चुरगळलेलं तोंड घेऊन जायचं नाही, नाहीतर तेही सरळ करून देईल, असं कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा.

पण या कपड्यांना ती वेगळा हात लावायची. शर्ट असो, साडी असो, आधी पाठ घ्यायची. एकदा कुणाच्या तरी जावयानं सुचवलं होतं की पाठ राहू द्या, ती कुणाला दिसणार आहे. त्याच्याकडे मान वर करूनही न बघता ती म्हणाली होती, त्यांना पाठीवरच झोपायचंय ना?

दारात पुतण्या उभा होता. सिटी बस चालवायचा. युनिफॉर्मची पँट, वर घरातला बनियन आणि पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. हातात कापडी पिशवी.

"बाबा गेले, मोठी आई," तो म्हणाला. "पहाटे."

कडकबाईनं हात पुसले, पिशवी घेतली. ये आत, असं ती म्हणाली नाही आणि त्यालाही ते अपेक्षित नव्हतं. दर आठवड्याला बापाचे शर्ट तो दारातून द्यायचा आणि दारातूनच न्यायचा. पोराचा बाप, म्हणजे तिच्या नवऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहत होता, आणि लेक पहिलीत होती तेव्हापासून तिनं त्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता लेक कॉलेजात होती. एवढ्या वर्षांत दिरा-भावजयीत काही देणंघेणं राहिलं असेल तर ते एवढंच: त्याचे मळके शर्ट आणि तिची इस्त्री.

आईनं सांगितलंय, मोठ्या आईकडेच दे, असं पुतण्यानं खाली बघत सांगितलं. आणखी काही म्हणाली का, असं हिनं विचारलं. नाही म्हणाला.

तो जिन्यावर बसून राहिला. तिनं इस्त्री तापायला लावली आणि शर्ट टेबलावर पसरला. फिकट निळा, बारीक रेघांचा, भाऊजींचा ठेवणीतला. किती वेळा तिच्या हाताखालून गेला होता. गेल्या दोन वर्षांत याच शर्टाची कॉलर आतून झिजायची थांबली होती, कारण मान तिला टेकतच नव्हती. कफाची बटणं आत सरकवून लावलेली. शर्ट तोच आणि आतलं माणूस मात्र दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत चाललंय, हे तिला त्यांच्या घरातल्यांच्या आधी कळलं होतं. विचारावं, असं कितीदा ओठावर आलं. दर वेळी तिनं घडी घातली, पिशवी भरली आणि पोराच्या हातात दिली.

आता इस्त्री पाठीवरून फिरायला लागली आणि चुणी गेली तरी ती एकाच जागी फिरवत राहिली. दिरासाठी नव्हतं ते. निदान त्या घटकेला तरी नव्हतं. जे माणूस तिला ते सगळं सांगू शकलं असतं, ते गेलं होतं.

ते सगळं म्हणजे काय, हे सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

तिचा नवरा पंखे दुरुस्त करायचा. बोलायला कमी, पण जे बोलायचा ते असं की समोरच्यानं दोन मिनिटांनी हसावं. एका लग्नाहून दोघं भाड्याच्या जीपमधून परतत होती. लेक लहान, तिला दिराकडे ठेवलेलं. वाटेत हिला पेंग येत होती, तर तो म्हणाला, टेक डोकं, पोचलो की उठवतो. ती खांद्यावर डोकं टेकून झोपली.

जाग आली ती हॉस्पिटलात. डोक्याला टाके, बरगड्या पट्ट्यांनी बांधलेल्या, तोंडाला कोरड. समोर दीर. तिनं पहिलं विचारलं ते नवऱ्याचं. दीर म्हणाला, दादा पलीकडच्या वॉर्डात आहे, पायाला प्लास्टर घातलंय, हलता येत नाही.

खरं तर तिचा नवरा त्याच्या दोन दिवस आधीच गेला होता. घरी आणून, नेऊन, सगळं आटोपलं होतं. हिला शुद्ध नव्हती, शुद्ध कधी येईल हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं आणि थांबणं शक्य नव्हतं. शुद्धीवर आल्यावरही डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं इतक्यात काही सांगू नका. तेव्हा घरातल्यांनी ठरवलं की बरी होईपर्यंत सांगायचं नाही. ठरवताना सोपं वाटलं असणार. पण बाई निजून राहणाऱ्यातली नव्हती. तिनं दुसऱ्याच दिवसापासून पलीकडच्या वॉर्डात निरोप धाडायला सुरुवात केली.

दुकानाची किल्ली कुठे ठेवलीत म्हणावं. संध्याकाळी दीर उत्तर घेऊन आला: दादाच्या जवळच आहे, काळजी करू नको म्हणाला. औषधं वेळेवर घेताय का म्हणावं. घेतो म्हणाला, पण कडू आहेत. एक चाकाची खुर्ची मागून घेऊन येता येत नाही का म्हणावं बायकोला बघायला, का तिकडे नर्सबाईंशी गप्पा रंगल्यात? दीर तेव्हा खिडकीकडे तोंड करून म्हणाला होता, दादा म्हणतो, नर्सबाईंपुढे माझी डाळ शिजत नाही.

ती हसली होती. बरगड्या दुखेपर्यंत हसली होती.

चहासोबत मिळणाऱ्या बिस्किटांतली अर्धी ती रुमालात बांधून ठेवायची आणि दिराच्या खिशात घालायची, त्यांना द्या म्हणून. दीर मुकाट्यानं न्यायचा. असे वीसेक दिवस गेले. घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला की दादा म्हणतो, घरी जायच्या आधी केस विंचर, नाहीतर पोरगी ओळखणार नाही. तिनं शेजारच्या बाईकडून कंगवा मागून घेतला, टाक्यांना धक्का न लावता केस विंचरले आणि दुसऱ्या दिवशी जाण्यापूर्वी त्याला भेटून जाऊ म्हणून पलीकडच्या वॉर्डाकडे चालायला लागली.

तेव्हा जिन्यात दिरानं तिचा हात धरला आणि सांगितलं.

ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग काल केस विंचर असं कोण म्हणालं?"

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

लोकांना वाटायचं की नवऱ्याला तिच्याविना नेलं म्हणून हा राग. तोही होताच. पण खरी गोष्ट अशी होती की ज्या दिवसांत तिनं नवऱ्यासाठी रडायचं, त्या दिवसांत ती त्याच्याशी भांडत होती, हसत होती, त्याच्यासाठी बिस्किटं राखत होती. ते दिवस तिला परत कोण देणार होतं? घरी आली तर सगळे रडून मोकळे झालेले. वस्तीतल्या बायका आल्या, पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी शिळं झालं होतं. चांगलं झालं हो सगळं, खूप माणसं आली होती, असं म्हणायच्या आणि लेकीच्या शाळेकडे विषय वळवायच्या. लेकीलाही त्या दिवशी शेजारी नेऊन ठेवलं होतं. लहान आहे, घाबरेल म्हणून. म्हणजे ज्या दोघींनी बघायला हवं होतं, त्या दोघींनीच काही बघितलं नव्हतं.

तो गेला हे तिला माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, अंगाला मात्र कळलं नव्हतं. कितीतरी महिने तिनं सकाळी दोन कप काढले. जिन्यावर खोकला ऐकू आला की पदर सावरला. बाजारात पाठमोरा कुणी तशा खांद्यांचा दिसला की तिची पावलं आपोआप उचलली जायची, आणि तो वळला की त्या परक्या माणसाचाच राग यायचा.

मग ती दुसऱ्यांच्या मातीला जाऊ लागली. वस्तीतलं एकही मयत तिनं चुकवलं नाही. ओळख असो नसो, ती जाऊन मागं उभी राहायची. आपली इस्त्री नीट बसली का बघायला येते, असं लोक म्हणायचे, आणि तिनं कधी नाही म्हटलं नाही. खरं तर ती बघायची की आणल्यावर कुठे ठेवतात, उशाशी कोण बसतं, चेहऱ्यावरचं कापड कोण बाजूला करतं, नेताना पहिला हात कोण लावतं. इथलं थोडं, तिथलं थोडं असं उसनं आणून ती घरी नवऱ्याचा तो दिवस मनात मांडत बसायची. असे ठेवले असतील. इथे धाकटी जाऊ बसली असेल. पण दर मयतानंतर तो दिवस बदलायचा. कधी ऊन असायचं, कधी ढग. एकदा तर तिनं मांडलेल्या त्या दिवसात नुकत्याच वारलेल्या वाण्याच्या आईच्याच घरातल्या खुर्च्या आल्या.

ज्यांना आपलं माणूस शेवटचं बघायला मिळालं, त्यांचं मात्र ती पाहत होती. चेहरा बघून बाई हंबरडा फोडायची, कपाळावरून हात फिरवायची, लोक तिला धरून उठवायचे. महिन्याभरानं तीच बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन यायची, डोळे सुजलेले, पण मला साडी उद्याच हवी म्हणून भांडायची. त्यांना ओझं टेकवायला एक जागा मिळाली होती. हिचं अजून डोक्यावरच होतं.

एकदा दीर आला होता. चार-पाच वर्षांपूर्वी, भर दुपारी. बाहेर उभा राहून म्हणाला, वहिनी, मला त्या दिवसाचं तुम्हाला सांगायचंय, माझ्यानं आता ठेववत नाही. तिच्या हातात गरम इस्त्री होती. ती म्हणाली, सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीत, आता ठेवा तुमच्यापाशी. आणि दार लोटलं. लोटल्यावर दारामागंच उभी राहिली, तो पुन्हा वाजवेल म्हणून. तो जिना उतरून गेला. ज्यानं तो दिवस नेला त्यानंच तो आणून द्यावा, असा तिचा हट्ट, आणि तो आणून द्यायला आला तर घ्यायचं नाही, हाही तिचाच. पुढं कितीदा वाटलं, बोलवावं. शर्ट येत राहिले, घड्या होत राहिल्या. बोलवू कधीतरी, असं ती म्हणत राहिली.

शर्टाची घडी घालताना तिचा हात थांबला. हा शर्ट आता त्यांच्या अंगावर बसणार नव्हता. खांदे खाली उतरतील, गळा उघडा पडेल. पाठीमागून चुण्या घेऊन शिवून टाकायला हवा, आणि ते अंगावर घातल्यावरच करता येतं. तिनं पुतण्याला जिन्यावरून आत बोलावून समजावलं. तो म्हणाला, सेफ्टी पिना लावतो आम्ही.

"पिना नकोत," ती म्हणाली. "टोचतील."

कडकबाईनं सुई-दोऱ्याचा डबा उचलला आणि चपला घातल्या. लेक म्हणाली, मीपण येते. दुसरा मोजा तोपर्यंत तिला सापडला होता, पण तिनं पहिलाही काढून ठेवला.

दिराच्या घराचा जिना तसाच होता. कठडा तेवढा नव्यानं रंगवलेला. आत पुढच्या खोलीतलं सामान भिंतीला सारलेलं आणि मधोमध भाऊजी. धाकटी, म्हणजे तिची जाऊ, उशाशी भिंतीला टेकून बसली होती. हिला बघून ती उठली नाही, काही बोलली नाही, फक्त पाय जवळ घेऊन जागा केली.

कडकबाई गुडघ्यांवर बसली. पुतण्यानं आणि शेजारच्या दोघांनी बापाला जरा उचलून धरलं, हिनं बाह्या घातल्या, पाठीमागं कापडाच्या दोन चुण्या धरून टाके घातले. तिचा हात त्यांच्या मानेला लागला. गार. एवढंच मिळालं असतं तर, असं तिच्या मनात आलं. एवढं गार लागतं हे तेव्हा एकदा कळलं असतं, तर इतकी वर्षं कान जिन्याकडे लागून राहिले नसते. दोरा तोंडानं तोडताना तिला भाऊजींचा चेहरा अगदी जवळून दिसला. झोपेत हिशेब करत असल्यासारख्या भुवया. तिच्या नवऱ्याच्याच होत्या त्या. तिनं पटकन कॉलर सारखी केली आणि मागं सरकली.

माणसं जमत गेली. बिल्डिंगचे सेक्रेटरी, एका बँकेतून रिटायर झालेले, अशा वेळी सगळी सूत्रं हातात घ्यायचे. माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्ट वेळेत लागायची. न्यायची गाडी आली. आता धाकटीची लेक तेवढी यायची राहिली होती. दूरच्या गावी नोकरीला होती, निघाली होती, पण मध्येच तिची बस बंद पडली होती आणि ती दुसऱ्या बसची वाट बघत रस्त्यावर उभी होती. पुतण्या फोनवर फोन करत होता.

गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. त्याला आणखी एका घरी जायचं होतं. सेक्रेटरी आत आले, घसा खाकरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की किती वेळ थांबणार, पोरीला पोचायला दुपार होईल, माणसं कामं टाकून आलीत, आपण असं करू, तिला फोनवर चेहरा दाखवू, हल्ली सगळेच करतात. कुणीतरी पुस्ती जोडली की नाहीतरी बिचारी घाबरीघुबरी होऊन येणार, त्यापेक्षा बरंच. धाकटीनं वर बघितलं. ती नाही म्हणणार नव्हती. ती कधीच कुणाला नाही म्हणाली नव्हती. पुतण्यानं हातातल्या फोनकडे बघितलं आणि बोट फिरवायला सुरुवात केली.

"ठेव तो फोन," कडकबाई म्हणाली.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, तिला बघायला मिळतंय ना, मग झालं तर."

"बघायला मिळेल. हात लावायला मिळणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दाराबाहेरच्यांनाही ऐकू गेलं. "गाडीवाल्याला सांगा, घाई असेल तर जा. आपण दुसरी बोलावू. ज्यांना कामं आहेत त्यांनी जाऊन यावं, कुणी नावं ठेवणार नाही. पण पोरगी आल्याशिवाय यांना इथून हलवायचं नाही. आणि तिला घाबरू द्या की. बाप गेलाय तिचा."

सेक्रेटरींना आठवलं असावं. कडकबाईच्या नवऱ्याला नेलं त्या दिवशीही गाडीची वेळ त्यांनीच धरली होती. ते बाहेर गेले, गाडीवाल्याशी बोलले आणि मग स्वतःच जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसले.

पोरगी आली तेव्हा उन्हं कलली होती. केस सुटलेले, पर्सचा बंद तुटलेला. ती दारातून सरळ बापाच्या अंगावर पडली. ओरडली, त्याच्या छातीवर डोकं आपटलं, मला न सांगता का गेलात म्हणून त्याच्याशी भांडली. बायका तिला आवरायला पुढं झाल्या, तर कडकबाईनं हात आडवा धरला. बराच वेळ गेला. मग पोरीचा आवाज आपोआप खाली आला. तिनं बापाच्या कपाळावरून हात फिरवला, गालावरून फिरवला, त्याची दाढी वाढलीय असं काहीतरी पुटपुटली आणि उठून बसली. नाक पुसलं, पाणी मागितलं. तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते कडकबाई बघत होती. दुःख कमी झालं नव्हतं. पण त्याला बसायला एक जागा मिळाली होती. त्या क्षणी कडकबाईच्या घशातून असा काही आवाज निघाला की लेकीनं चमकून तिचा दंड धरला.

मग सगळे गेले, पोचवून परत आले. संध्याकाळी पाहुणे पांगले. पोरगी आतल्या खोलीत रडून रडून झोपली होती, चुलतबहीण, म्हणजे कडकबाईची लेक, तिच्या पायाशी बसली होती. कडकबाई स्वयंपाकघरात कप विसळायला लागली. वस्तीभरातून गोळा केलेले कप होते, कुठला कुणाचा ते बघून वेगळे ठेवायचे होते. धाकटी येऊन शेजारी उभी राहिली आणि फडक्यानं पुसायला लागली. हा फुलांचा न्हाव्याकडचा, कान तुटलेला आपलाच, एवढंच बोलणं.

एक कप उपडा ठेवत कडकबाईनं विचारलं, "ती बिस्किटं कुठं जायची गं?"

धाकटीला विचारावं लागलं नाही कुठली ते. म्हणाली, हे हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनला द्यायचे. स्वतःला खाववेनात, टाकवेनात. वॉचमन विचारायचा, साहेब, रोज अर्धीच कशी? मग हे गेटबाहेर बाकावर बसून रडायचे आणि घरी यायचे.

कडकबाईनं नळ बारीक केला. धाकटीनं मग हळूहळू सांगितलं की रोज संध्याकाळी हॉस्पिटलात निघायच्या आधी ते जिन्यावर बसायचे आणि तिला विचारायचे, वहिनीनं असं असं विचारलंय, दादा काय म्हणाला असता गं? दोघं मिळून ठरवायचे. दादासारखं झालं नाही तर पुन्हा नवीन शोधायचे. वहिनी हसली, असं ज्या दिवशी येऊन सांगायचे, त्या रात्री त्यांना जेवण जायचं नाही.

"नर्सबाईंचं उत्तर त्यांचं होतं," धाकटी म्हणाली. हातातला कप ती पुन्हा पुन्हा पुसत होती. "केसांचं मी सांगितलं होतं, ताई. तुम्ही तशाच घरी आला असता, आणि पोर... मला वाटलं, दादा असते तर तेवढं म्हणाले असते."

कडकबाई ओट्याला टेकली. इतकी वर्षं सगळ्या खोट्या निरोपांत तोच एक तिला खरा वाटत आला होता. कसाही का होईना, तो तेवढा नवऱ्याचाच आहे असं म्हणून तो तिनं वेगळा ठेवला होता. तिला राग यायला हवा होता. पण समोर ही बाई उभी होती, आज सकाळीच नवरा गेलेली, आणि दुसऱ्याच्या नवऱ्याच्या तोंडी घातलेल्या शब्दांचा हिशेब देत होती. कडकबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. ओल्या हातांनी तिनं तोंड झाकलं. धाकटीनं कप खाली ठेवला. तिला जवळ घ्यावं की नाही हे तिला कळेना, म्हणून तिनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. नळ ठिबकत होता.

आपण एवढी वर्षं एकाच दारावर धरणं धरून बसलो होतो, हे कडकबाईला तेव्हा कळलं. त्या दिवशी घरात धाकटीही होती. उशाशी तीच बसली असणार. तोंडावरून शेवटचा हात तिनंच फिरवला असणार. हिला कधी विचारावंसंच वाटलं नाही.

आतून पोरगी झोपेत कण्हल्याचा आवाज आला. धाकटी जायला वळली, पण चुलतबहीण तिच्याशी काहीतरी हळू बोलली आणि सगळं शांत झालं. कडकबाईनं पदरानं डोळे पुसले, दोन स्टुलं ओढली, एक जावेपुढं ठेवलं आणि दुसऱ्यावर बसली.

"दमली आहेस, कळतंय मला. आज जमत नसेल तर उद्या," ती म्हणाली. "पण मला त्या दिवसाचं सांग. ह्यांना घरी आणलं तिथपासून नेलं तिथपर्यंत. काही गाळू नकोस."